चार नंबरच्या मशीनवरचा डाक्टर

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे वाचून मी हसलोय सुद्धा. आमच्या घरात भूतखेत मानायची पद्धतच नाही. म्हणजे आम्ही फार सुधारलेले होतो असं नाही, पण आई-वडील दोघं दिवसभर दुसऱ्याच्या रानात, आणि रात्री पाठ टेकली की झोप. आमचं गाव जळकोट तालुक्यात. कॉलेजात जाणारा घरातला पहिलाच मी. पुढे विज्ञान शिकलो, त्यामुळे तर हे सगळं मनाचे खेळ असतात यावर माझा पक्का विश्वास होता. अजूनही... बहुतेक आहे. म्हणूनच हे लिहायला तीन वर्षं लागली.

सध्या मी नांदेडला बी.एस्सी. करतोय. ही गोष्ट त्याआधीची, लातूरची. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून मी एक वर्ष रिपीट केलं. त्या वर्षी औसा रोडच्या आतल्या गल्लीत, एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी आणि व्यंकट राहायचो. व्यंकट भूकंपातल्या गावचा. भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता, आणि पाळणा अंगणात होता म्हणून वाचला. पुढे सरकारनं गाव उठवून दुसरीकडे वसवलं, सिमेंटची घरं दिली. पण त्याची आई अजून घरात झोपत नाही, पावसाळ्यातसुद्धा ओट्यावरच. आणि त्यांच्या घरी दाराला आतून कडी लावत नाहीत. कुणीच नाही. व्यंकटलाही ती सवय होती. आमच्या खोलीचं दार रात्री उघडं ठेवून तो उंबऱ्याशी अंथरूण टाकायचा. त्यावरून आमची सुरुवातीला भांडणं झाली. कुत्री आत यायची, एकदा माझी चप्पल गेली. पण तो ऐकायचा नाही.

लातूरला राहिलेल्यांना आणखी एक पद्धत माहीत असेल. टेस्ट जवळ आली की पोरं खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून घेतात. म्हणजे एकानं आत बसायचं, पार्टनरनं बाहेरून कुलूप घालून किल्ली घेऊन जायचं. मग मित्र येऊन दार वाजवत नाहीत, घरमालकीण नळाचं गाऱ्हाणं घेऊन येत नाही, आणि स्वतःलाही चहाला जाता येत नाही. मोबाईलसुद्धा पार्टनरच्या खिशात द्यायचा, बंद करून. आमच्या गल्लीत सगळेच असं करायचे. हुशार पोरं तर जास्त.

आता गेमबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गांधी चौकाच्या बाजूला एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात अस्लमभाईंचा कॅफे होता. बाहेरच्या केबिनमध्ये इंटरनेट, आणि आतल्या खोलीत गेमसाठी सहा मशीन. या सहांना इंटरनेट नव्हतं, ती फक्त एकमेकांना आणि काउंटरवरच्या मशीनला जोडलेली. आम्ही एकच गेम खेळायचो. दोन टीम, लाल आणि निळी, आणि टीममध्ये नऊ प्रकारचे गडी. प्रत्येकाचं काम वेगळं. इंग्रजी नावं बाजूला ठेवून आम्ही आपली नावं पाडली होती... मोठी बंदूकवाला पहिलवान, वेष बदलून मागून येणारा भेदी, यंत्रं उभारणारा मिस्त्री, आणि जखमी गड्यांना बरं करणारा डाक्टर. आम्ही चार-पाच जण एका बाजूला, समोर कॉम्प्युटरचे गडी.

मला तो गेम फार आवडायचा. हे कबूल करायला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी. पहिला कोण, चारशेवा कोण. कामाचा प्रकार एकच, आणि त्यात मी मधेच कुठेतरी. इथे माझा नेम वाईट होता, पण मी मिस्त्री व्हायचो. एका कोपऱ्यात बसून औषधाचं यंत्र उभारायचो. त्याच्याजवळ जो येईल त्याची तब्येत आपोआप भरायची. एकही गडी न मारता मी टीमच्या उपयोगी पडायचो. गिरीश ओरडायचा, "बाळ्या, तुझं यंत्र होतं म्हणून वाचलो बरं का!" — आणि मला दिवसभर बरं वाटायचं. (गिरीश म्हणजे आमच्यातला शहरातला मुलगा. वडील शिक्षक, घर लातुरातच.)

व्यंकट नेहमी डाक्टर. नेहमी चार नंबरच्या मशीनवर, आणि नाव 'सलाईन'. गेममध्ये कुणालाही मदत हवी असेल तर एक बटन दाबायचं, मग आपला गडी मोठ्यानं डाक्टरला हाक मारतो. आमच्यातल्या कुणीही हाक मारली की व्यंकट खुर्चीतूनच बोलायचा, "आलो आलो, मरू नको जरा." त्याला स्वतःला कधी ते बटन दाबताना मी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात व्यंकट बारीक व्हायला लागला. सगळेच होतात, परीक्षेचं टेन्शन, मेसचं जेवण. पण तो पाणी फार प्यायचा. लातूरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. नळ आठ-दहा दिवसांनी, प्यायचं पाणी जारचं, आणि आमचा एक जार दोघांत दोन दिवस पुरवायचा असा ठराव होता. तो एका दिवसात संपायला लागला.

"माणूस हायस का देवणीचा बैल?" मी एकदा चिडून म्हणालो. "उद्या काय पिऊ मी?"

"तहान लागून राहिली रं बाळ्या. मी काय मुद्दाम करून राहिलो का?"

"मग रात्रीतून चारदा उठून खाली जातोस ते? एक बादली त्यातच जाते."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःच मोजून प्यायला सुरुवात केली. सकाळी एक बाटली भरून ठेवायचा आणि तेवढीच. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, ऐकलं.

ज्या दिवशीची गोष्ट, तो शनिवार होता. रविवारी मोठी टेस्ट. सकाळी व्यंकटला दोनदा उलटी झाली. म्हणाला, पित्त झालं. मग म्हणाला, "बाळ्या, आज बाहेरून कुलूप घाल. जरा पडतो, मग बसतो जेनेटिक्सला."

मला नवल वाटलं. "तू? कुलूप?"

"दिवसा काय न्हाई वाटत. खिडकी हाय की."

जार आलेला नव्हता. अर्धी बाटली पाणी होतं, ती त्याच्या उशाशी ठेवली. म्हटलं, एक वाजेपर्यंत डबा आणि पाणी घेऊन येतो. त्याचा मोबाईल बंद करून माझ्या दप्तरात टाकला. साडेसातला कुलूप घातलं आणि गेलो.

क्लास साडेबाराला सुटला. गिरीश म्हणाला, फक्त अर्धा तास. मी गेलो. यात कुणाचाही दोष नाही, मला जायचं होतं म्हणून गेलो.

आतल्या खोलीत आम्ही चौघं बसलो. चार नंबर रिकामं होतं. खेळ रंगला, आणि एक कधी वाजून गेला ते मला कळलंच नाही. पावणेदोनच्या आसपास, स्क्रीनच्या कडेला जिथे नवीन खेळाडूचं नाव येतं तिथे ओळ आली. सलाईन खेळात आला. आमच्याच टीममध्ये.

"आला का आमचा डाक्टर? संपलं का जेनेटिक्स?" गिरीश मान न वळवताच म्हणाला.

मी वळून पाहिलं. चार नंबरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मला वाटलं अस्लमभाई गंमत करतायत. काचेतून काउंटर दिसत होतं. अस्लमभाई कॉम्प्युटरकडे पाठ करून डबा खात होते.

मग हाक ऐकू आली. डाक्टर गड्याच्या स्वतःच्या आवाजात डाक्टरला हाक. एकदा, थोडं थांबून पुन्हा. हेडफोनमध्ये ती नेहमीचीच हाक असते, रोज शंभरदा ऐकलेली. पण डाक्टरनं मारलेली मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"कोण आहे रे हा? डाक्टर असून डाक्टर मागतोय," गिरीश हसला.

मी माझा मिस्त्री घेऊन शोधायला गेलो. आमच्याच तळात मागे एक लहान खोली होती, सामान ठेवायची. तिथे तो उभा होता. तोंड दाराकडे. दार उघडं होतं, तरी तो बाहेर येत नव्हता. त्याच्यावर रोख धरला की तब्येतीचा आकडा दिसतो. तो लाल होता, अगदी खाली आलेला. मी नेहमीप्रमाणे त्याच्यासमोर औषधाचं यंत्र उभारलं. यंत्राची निळी किरणं त्याच्यापर्यंत जात होती. आकडा वाढला नाही. मी यंत्र पाडून पुन्हा उभारलं. तरी नाही. उलट एकानं कमी झाला. मग आणखी एकानं.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. वाचणाऱ्यांना वाटेल मी त्याच क्षणी उठून पळालो. नाही. गिरीश ओरडला, "बाळ्या, पुढे ये, हरतोय आपण!" — आणि मी पुढे गेलो. मशीन खराब असेल असं मनाशी म्हटलं. पूर्ण राऊंड खेळलो. मागून ती हाक येत राहिली, आणि मी हेडफोन एका कानावरून सरकवला. बारा-तेरा मिनिटं. आणि आम्ही जिंकलो.

दुसरा राऊंड सुरू झाला की सगळ्यांची तब्येत पूर्ण भरलेली असते, नियमच आहे तो. आम्ही सगळे सुरुवातीच्या खोलीत उभे होतो, सलाईनही. मी त्याच्यावर रोख धरला. आकडा तोच, लाल, आधीच्या राऊंडमधला. त्यानं एकदा हाक मारली. दुसरी मारली.

मग हाक थांबली.

तो तिथेच उभा होता, नाव दिसत होतं, पण आवाज बंद. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसलो. किती सेकंद, माहीत नाही. आली नाही. आणि तेव्हा मला आठवलं की माझ्या खिशात किल्ली आहे.

मी हेडफोन काढून उठलो. गिरीश "ए, ए!" करत राहिला. सायकल काढली आणि भर उन्हात औसा रोडनं पळवली. जिना चढताना मी व्यंकटला हाका मारत होतो. उत्तर नाही. किल्ली कुलपात जाईना, तिसऱ्या वेळी बसली.

व्यंकट दाराजवळ जमिनीवर पडलेला. बाटली रिकामी, आडवी. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. श्वास खोल आणि जोरजोरात चालू, धावून आल्यासारखा. आणि खोलीत एक गोड वास, जास्त पिकलेल्या फळासारखा.

तो वास मी कधी घेतला नव्हता, पण मला तो पाठ होता. वारंवार लघवी, अतिशय तहान, वजन कमी होणं, श्वासाला फळासारखा वास. पर्याय क. मी आणि व्यंकटनं हा प्रश्न एकमेकांना निदान दहा वेळा विचारला असेल. त्याच खोलीत, तो जारमधलं पाणी पीत असताना.

घरमालकीण काकूंच्या मुलाला हाका मारल्या, दोघांनी मिळून त्याला खाली आणलं, ऑटोत घातलं. दवाखान्यात बोटातलं रक्त घेतलं तर मशीन आकडाच दाखवेना, साखर मशीनच्या पलीकडे गेलेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. मग मला विचारलं, "किती दिवसांपासून पाणी जास्त पीत होता?"

"महिना झाला असेल सर."

"काय करता तुम्ही दोघं?"

"मेडिकलची तयारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहीत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, अजून तास-दोन तास गेले असते तर अवघड होतं.

संध्याकाळी व्यंकटची आई आली, चुलत्याच्या मोटारसायकलवर बसून. त्याला पाहिलं, पायाला हात लावला, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. मी शेजारी बसलो. मग तिनं विचारलं, "दार लावलं व्हतं का रं, बाळा?"

"हो मावशी. बाहेरून. मीच लावलं होतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्यानंच लावाय लावलं असंल. तू जेवलास का?"

त्या प्रश्नानं मला जेवढं रडू आलं तेवढं आधी आलं नव्हतं.

चार दिवसांनी व्यंकट उठून बसायला लागल्यावर मी अस्लमभाईंकडे गेलो. विचारलं, त्या दिवशी चार नंबरवर कोण होतं?

"चार नंबर?" ते म्हणाले. "मियाँ, वो तो पिछले बुधवारसे बंद पड़ा है. पॉवर सप्लाय जल गई, रिपेअरला दिली ना." त्यांनी मला टेबलाखाली वाकून दाखवलं. सीपीयूचा डबा उघडा होता, आत सप्लायच्या जागी नुसतं भोक, वायरी लोंबत होत्या.

"मग काउंटरवरून कुणी...?"

"कसम से, मैं तो डब्बा खा रहा था. काय झालं, सांगा तरी."

मी सांगितलं. ते म्हणाले, "किसी को बोलना नको. बच्चे डर जायेंगे." आणि मला चहा पाजला.

गिरीशकडे उत्तर तयार होतं. कॉम्प्युटरच्या गड्यांना गेम आपोआप नावं देतो, त्यानं कुठलं तरी जुनं नाव उचललं असेल. कॉम्प्युटरचे गडी हाकाही मारतात. आणि तब्येत भरली नाही, ते नेटवर्कमधली गडबड. "आणि दुसरं म्हणजे," तो म्हणाला, "तुला मनातून वाटत होतं की व्यंकट आजारी आहे, आपण उशीर केलाय. म्हणून तुला तसं दिसलं."

नाव त्यानं पाहिलं होतं, हाकही ऐकली होती. आकडा मात्र मी एकट्यानंच पाहिला. त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. मी त्यावर खूप विचार केलाय. कॉम्प्युटरच्या गड्यांच्या नावांची यादी आम्ही नंतर उघडून पाहिली, त्यात सलाईन नव्हतं, पण एखादी यादी आम्हाला सापडली नसेल. सगळं मान्य. फक्त एकाच गोष्टीवर मी अडतो. मला मनातून काही वाटत नव्हतं. सांगायला वाईट वाटतं, पण खेळताना मी व्यंकटला साफ विसरलो होतो.

त्या वर्षी आमचा दोघांचाही मेडिकलला नंबर लागला नाही. मी नांदेडला आलो. व्यंकट डी.फार्म करतोय, रोज इन्सुलिन घेतो, पोटाला स्वतःच टोचतो आणि टोचताना गप्पा मारतो. इतकी वर्षं मी त्याला हे सांगितलं नव्हतं. कुलूप, उशीर, सगळं त्याला माहीत होतं, पण गेमचं नाही. गेल्या दिवाळीत त्याच्या गावी गेलो होतो तेव्हा ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आधी विचारलं, तुला त्या दिवशीचं काय आठवतं?

"काय बी न्हाई. बाटली संपली, दार ढकललं, बस. गेम-बिम काय न्हाई."

मग मी बोलत गेलो. तो भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "मंग? जिंकलो का आपन?"

"पहिला जिंकलो. दुसरा मी सोडून आलो."

"गिऱ्यानं शिव्या घातल्या असतील."

"लई."

तो हसला. मीही हसलो. थोड्या वेळानं, शेंगांकडेच बघत, तो म्हणाला, "पहिला किती मिनिटं चालला?"

"बारा-तेरा."

"आन् मी बोलवूनच राहिलो व्हतो."

"हो."

त्यानं आणखी दोन शेंगा फोडल्या. आत त्याच्या आईनं भांडी लावल्याचा आवाज येत होता. मग त्यानं सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या हातावर ओतली आणि म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो ना, तर मीबी राऊंड पुराच केला असता."

हे त्याला खरंच वाटत होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला... मी विचारलं नाही. त्या दुपारी चार नंबरच्या मशीनवर कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण ते कळलं तरी ती बारा मिनिटं माझीच राहतील.